रिमूव्हरचा वास

सासूबाईंचा दहा वर्षांचा एकच हुकूम: पार्लरमधून आलीस की आधी हात धू. नेलपॉलिश काढायच्या रिमूव्हरचा वास आला की त्यांचं डोकं उठायचं. सून हात धुवायची, पण नाक मुरडूनच.

आणि आज दवाखान्यातल्या खाटेवर उलटी झाल्यावर सून त्यांचं तोंड पुसायला वाकली, तर तोच वास! दोन दिवस तिने पार्लरचं तोंडही पाहिलं नव्हतं. वास सासूबाईंच्या श्वासाला येत होता.

"डॉक्टर, यांच्या तोंडाला रिमूव्हरचा वास येतोय."

डॉक्टर हसला. "पोट बिघडलंय. साखर थोडी वाढलीय, आजारपणात वाढतेच. सलाईन संपलं की घरी न्या."

"दोन दिवस इन्सुलिन घेतलं नाही यांनी. पोटात काही नाही तर टोचायचं कशाला, म्हणाल्या. मीही मूर्खासारखी हो म्हणाले. कीटोन तपासा."

"तुम्ही काय करता, ताई?"

"पार्लर चालवते."

"मग हे माझ्यावर सोडा."

झालं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साखरेच्या नोंदींची वही तिने त्याच्या पुढ्यात आपटली. "मागच्या पानावर छापलंय, इन्सुलिन चुकलं की अंगात कीटोनचं विष साठतं, श्वासाला असा वास येतो; उलट्या झाल्या तर कीटोन तपासा. साहेब, तुम्ही हा वास वर्षातून किती वेळा घेता? मी दिवसातून चाळीस वेळा घेते. तपासल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बोलवा कोणाला बोलवायचंय त्याला!"

तिने खाटेचा दांडा घट्ट धरला.

सकाळीच घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात नर्सने कीटोन तपासायची पट्टी बुडवली आणि घड्याळ बघत राहिली. पट्टी गडद जांभळी झाली, म्हणजे कीटोन भरपूर. डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला.

"अतिदक्षता विभागात हलवा. लगेच! घरी नेलं असतं तर..." डॉक्टर स्वतःच खाट ढकलू लागला.

तिसऱ्या दिवशी ती पार्लरमधून थेट दवाखान्यात आली. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नाक वर केलं.

"हात धुतले नाहीस?"

"नाही. आणि आता धुणारही नाही."

"चढलीस हं डोक्यावर!" असं म्हणत सासूबाईंनी तिचा तो हात ओढला, स्वतःच्या गालाखाली घेतला आणि डोळे मिटले.