शिडाच्या होडीत कोणतं गाणं लावावं

"शीड कुणीही ओढेल हो. गाणं निवडायला अक्कल लागते," असं म्हणत दातांच्या डॉक्टरांनी धक्क्यावरून होडीत पाय टाकला, आणि तो नेमका बादलीत गेला.

बादलीत पाणी होतं. डॉक्टरांनी पाय बाहेर काढला, बूट झटकला आणि सगळी चूक बादलीची असल्यासारखं तिच्याकडे रागाने पाहिलं. काखेतला गोल स्पीकर मात्र त्यांनी तान्ह्या पोरासारखा सांभाळला होता.

"तो भिजला नाही ना?" साडूने विचारलं. त्याच्या आवाजात काळजीपेक्षा आशाच जास्त होती.

"भिजू दे की! समुद्रात पडला तरी तरंगतो आणि वाजत राहतो. बघूनच घेतलाय."

दवाखाना बंद करायचा, ही होडी विकत घ्यायची आणि उरलेलं आयुष्य किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडत काढायचं, असा डॉक्टरांचा बेत होता. बेत डॉक्टरांचा, पण होकार बायकोचा हवा. तिने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "एकदा बसून बघते, मग सांगते," एवढंच. होडीच्या मालकाला सगळे कप्तान म्हणत. त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, त्यामुळे काय ते आजच ठरायचं होतं. बायकोला सोबत म्हणून तिची धाकटी बहीण आणि तिचा नवरा आले होते.

खरं तर कप्तानाला होडी विकायचीच नव्हती. पण डॉक्टरांनी विषय काढला तेव्हा तो दवाखान्यात खुर्चीवर आडवा होता आणि त्याच्या तोंडात मावेल तेवढा कापूस होता. त्याने मान हलवली ती दुखलं म्हणून. डॉक्टरांनी तो सौदा धरला.

होडी धक्का सोडून बाहेर पडली. कप्तान सुकाणूचा दांडा धरून मागे बसला. शिडात वारा भरला तसे डॉक्टरही भरले.

"माझ्याकडे पेशंट का कमी झाले, सांगू? दातच सुधारले लोकांचे. अख्ख्या गावाचं तोंड मी दुरुस्त करून ठेवलं, आता करायला काही उरलंच नाही. घरचंच बघा. हिच्या तोंडात आजतागायत मला हत्यार घालावं लागलेलं नाही."

बायको तोंडावर हात ठेवून हसली. ती नेहमी तशीच हसायची. डॉक्टरांना तिचा तो संकोच फार आवडायचा.

डॉक्टरांनी स्पीकर डोलकाठीला बांधला, तोही दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याने. हा दोरा जगात कशालाच तुटत नाही, असं त्यांचं मत होतं.

"आधी तुमच्या फर्माइशी ऐकू," ते उदारपणे म्हणाले. "मग खरं संगीत लावू."

साडूने बँड सांगितला. पहिल्या तुतारीलाच डोलकाठीवर बसलेला पक्षी दचकला आणि जाताजाता साडूच्या खांद्यावर आपलं मत देऊन गेला. बँड बंद झाला.

धाकटीने होडीवरचं एक जुनं प्रेमगीत सांगितलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळे माना डोलावत होते. तिसऱ्या कडव्यात होडी बुडाली.

"बंद करा! बंद करा ते!" कप्तान ओरडला. "बुडायची गाणी लावता होय माझ्या होडीत?"

"अहो, मग न बुडणारं सांगा की एखादं," धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी आठवून पाहिलं. होडीवरचं एकही गाणं धड किनाऱ्याला लागेना. एकात वादळ, एकात नावाडी बेवफा, एकात होडी आहे पण तळाला भोक.

"गाणंच नको ना," बायको म्हणाली. "वारा छान ऐकू येतोय."

"वारा फुकट असतो, अगं," डॉक्टर म्हणाले. "आता थांब. ह्या क्षणासाठी मी आठवडाभर डोकं चालवलंय. मन शांत करणारं, हातपाय सैल सोडणारं. आपल्या दवाखान्यात इतकी वर्षं वाजतंय तेच. पेशंट बघितलेस ना कसे गप्प पडून राहायचे? हूं नाही की चूं नाही."

आणि त्यांनी मोबाइलवर बोट टेकवलं.

आधी झुळझुळ पाणी वाजलं. मग बासरी.

कप्तानाचा हात सुकाणूवरून उठला आणि आपल्या उजव्या गालावर गेला. साडूची मान हळूहळू मागे कलली, डोळे आभाळाला लागले आणि त्याने मोठ्ठा आ केला. धाकटीने दोन्ही हातांनी बाकाच्या कडा इतक्या गच्च धरल्या की बोटं पांढरी पडली. कुणी हूं केलं नाही की चूं केलं नाही.

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाले. "शांत!"

मोकळ्या सुकाणूने तेवढ्यात आपल्याला हवं ते केलं. होडीने गर्रकन तोंड फिरवलं, शीड फाडफाड वाजलं आणि शिडाखालची आडवी काठी ह्या टोकाकडून त्या टोकाला आली. मधे डॉक्टरांची टोपी होती. ती समुद्रात गेली. टोपीखालचे डॉक्टर बसकण मारून खाली आले आणि हातातला मोबाइल तळाच्या फळ्यांच्या फटीत घसरला. बासरी चालूच होती.

"कप्तान! सुकाणू!" डॉक्टर ओरडले.

कप्तानाला सगळं दिसत होतं, पण गालावरचा हात सुटत नव्हता. आवळलेल्या जबड्यातून तो म्हणाला,

"अं… आं ओआ… ओ उअईए!"

"काय म्हणतोय हा?" डॉक्टरांनी विचारलं.

बायको जागची उठली होती. दवाखान्यात ती सगळी वर्षं नंबर लावायला आणि पैसे घ्यायला बसली होती. कापूस कोंबलेल्या तोंडांनी माणसं काय बोलतात हे कळणारी ती गावात एकटीच होती.

"दांडा ओढा म्हणतायत. उजवीकडे," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच दोन्ही हातांनी तो ओढला.

"अं अं. ओई ईई."

"दोरी ढिली. अहो, तुमच्या पायाखालची! बसलाय काय तिच्यावर?"

डॉक्टर दोरीवरून उठले. शीड वळलं, होडी सावरली. साडू अजून आ करूनच होता. धाकटीने एक हात कसाबसा सोडवला आणि ती डोलकाठीकडे सरकली. दोरा तुटेना. शेवटी तिने डोळे मिटून तो दातांनी तोडला आणि स्पीकर जोर लावून लांब भिरकावला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. स्पीकर तरंगला. बासरी वाजवत तो लाटांवरून डुलत किनाऱ्याच्या दिशेने निघाला.

जसजसा तो लांब गेला तसतसा साडूचा जबडा मिटत आला. कप्तानाने गाल सोडला आणि घाम पुसला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "वादळं बघितली मी. पण हे म्हणजे…"

"काय झालं काय तुम्हाला सगळ्यांना?"

"काय झालं म्हणजे?" धाकटी म्हणाली. "भाऊजी, ती बासरी लागली की मागोमाग तुमचं ते घुर्र्र करणारं मशीन येतं. मी तर वाटच बघत होते!"

डॉक्टर बायकोकडे वळले. माणसाला शेवटी आपलंच माणूस. "हिला बघा. हिला काही झालं का? संगीताची जाण लागते!"

आणि बायको हसली. साडूचा उघडा जबडा, वाहून चाललेली टोपी, सगळं एकदमच आठवलं असावं. खो खो हसली, मान मागे टाकून. दोन्ही हात सुकाणूवर होते. तोंडावर ठेवायला एकही मोकळा नव्हता.

दुपारचं ऊन सरळ तिच्या तोंडात पडलं. खालच्या बाजूला, डावीकडे, शेवटून दुसरी दाढ. भरलेली.

डॉक्टर पुढे झुकले. शेवटची दाढ. तीही. आणि वरच्या बाजूला एका दाढेवर चक्क टोपी बसवलेली, नीटनेटकी, कडा कुठेही न बोचणारी.

"हे… हे कुणाचं काम?"

बायकोचं हसणं थांबलं. हात सवयीने वर आला, पण होडी हलली तसा तिने तो परत दांड्यावर ठेवला. आता झाकून उपयोग नव्हता.

"पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंचं."

"ती? ती तर कालची पोरगी!"

"कालची नाही, अहो. तिचं पोर आता मुंजीचं झालं."

"म्हणजे इतकी वर्षं… तू तिच्याकडे… आणि मी आपला गावभर सांगत सुटलोय…" डॉक्टरांना वाक्य पुरं होईना. "दुखायचं तर मला का नाही सांगितलंस?"

"मीच नेलं होतं ताईला," धाकटी हळूच म्हणाली. "मीही तिकडेच जाते."

"मी पण," साडू म्हणाला. जबड्याची खात्री करून घेतल्यासारखा त्याने तो पुन्हा एकदा मिटला.

डॉक्टरांनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तान समुद्राकडे बघू लागला. "ती कापसाची वेळ शेवटची," तो म्हणाला. "त्यानंतर तिकडेच."

गावाचे दात सुधारले होते हे खरंच होतं. डॉक्टर बाकावर बसले. एक बूट ओला, डोक्यावर टोपी नाही.

"असं काय आहे तिच्याकडे?" त्यांनी विचारलं.

बायकोने विचार केला.

"ती गाणं लावत नाही," ती म्हणाली.

शीड ताणलेलं होतं, पाणी होडीच्या अंगाला घासून जात होतं. तो आवाज खरंच चांगला होता. डॉक्टरांनाही ऐकू आला.

थोड्या वेळाने ते उठले आणि तोल सांभाळत बायकोजवळ जाऊन बसले.

"बघू," ते म्हणाले.

"काय?"

"तोंड उघड."

तिने आधी त्यांचे हात पाहिले. हातात काही नव्हतं. मग तिने तोंड उघडलं. डॉक्टरांनी हनुवटीला दोन बोटं लावून तिचा चेहरा उन्हाकडे वळवला आणि बराच वेळ आत पाहिलं. कप्तानाने, साडूने आणि धाकटीने आपापली तोंडं दुसरीकडे केली.

"चांगलं भरलंय," डॉक्टर म्हणाले. "मला नसतं जमलं असं."

"माहितीये," बायको म्हणाली, पण प्रेमाने.

धक्का जवळ आला. कप्तानाने घसा खाकरला. "मग वहिनी? होडीचं काय करायचं? माझं म्हणाल तर, नाही म्हटलंत तरी चालेल."

बायकोने सुकाणूचा दांडा सोडला नव्हता. तिने डॉक्टरांकडे पाहिलं, मग शिडाकडे.

"घेऊ या," ती म्हणाली. "गाणं नसेल तर."

"नसेल," डॉक्टर म्हणाले. आणि एवढ्या फजितीनंतरही त्यांना इतका आनंद झाला की ते होडीच्या टोकाशी जाऊन ताठ उभे राहिले आणि धक्क्यावरच्या दोरवाल्याला त्यांनी हात केला. कप्तानाने दोर फेकला. दोरवाल्याने झेलायला दोन्ही हात पुढे केले.

लाटांनी स्पीकर धक्क्याच्या खांबाशी आणून लावला होता. फळ्यांखालचा मोबाइल जवळ आला तसं त्यात पुन्हा झुळझुळ पाणी वाजलं आणि बासरी लागली. दोरवाल्याने आपला गाल धरला.

दोर पाण्यात पडला, होडी धक्क्यावर आदळली आणि डॉक्टरांचा पुढचा दात अर्धा तुटला. रविवार होता. रविवारी फक्त पलीकडच्या गल्लीतला दवाखाना उघडा असतो.