मावशीने आणलेलं टेबल

अरे, ऐका ना! ऱ्होड्स बेटावरच्या एव्दोकियाला लहान मुलांचं मानसशास्त्र शिकायचं होतं. ते कॉलेज दूर रेथिम्नोला. सरकारी, फी नाही, पण घरभाडं झेपणारं नव्हतं. तिथेच राहणारी मावशी फोनवर ओरडली, "भाडं कसलं गं, वेडे? माझ्याकडे राहा! टेबलसुद्धा आणलंय!" मग एव्दोकियाने अर्जात रेथिम्नो पहिलं लिहिलं आणि घराजवळचं बालवाडी शिक्षिकांचं कॉलेज दुसरं. पहिलं मिळालं की दुसरं आपोआप जातं, आणि मुदतीनंतर क्रम काही बदलता येत नाही.

मुदत संपली आणि चारच दिवसांत मावशी गेली.

निकाल लागला नेमका मावशीच्या मृत्यूनंतर नवव्या दिवशी. रेथिम्नोच्या चर्चबाहेर सगळे, तिकडे मृताच्या स्मरणार्थ वाटतात ते, मावशीच्या नावाचे गोड गहू खात होते, तेवढ्यात एव्दोकियाच्या फोनवर आलं: रेथिम्नो! तिला हसू फुटलं आणि लगेच रडूही.

मावशीचा मुलगा मानोलिस जवळ आला. "अभिनंदन गं. पण खोली आता पर्यटकांना द्यायची ठरलीय. मलाही पोरंबाळं आहेत."

"असू दे, दादा."

"टेबल मात्र तुझंच हं. कधी नेतेस?"

"कुठे नेऊ?" एव्दोकियाने विचारलं.