दरवाजा बहाद्दर

सार्थक पिशोरचा. कन्नडच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. अभ्यासातून उरलेला वेळ, आणि खरं सांगायचं तर अभ्यासाचाही बराचसा वेळ, मोबाइलवरच्या लढाईच्या गेममध्ये जायचा. चौघांची टीम करायची, कानाला हेडफोन लावायचे आणि एकमेकांशी बोलत बंदुका चालवायच्या. तीन महिन्यांपासून त्याच्या टीममध्ये पडेगावचा बद्रीनाथ नावाचा एक माणूस होता. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, फक्त आवाज ओळखीचे.

बद्रीनाथ वयानं मोठा, बोलायला गोड आणि खेळायला अगदीच मंद. "तुम्ही व्हा फुडं, मी हाये मागं," म्हणायचा आणि खरंच मागं राहायचा. पण जखमेवरची औषधं स्वतः जपून ठेवायचा आणि वेळ आली की दुसऱ्याला देऊन टाकायचा.

एकदा शत्रू मागं लागलेले असताना तो एका घराच्या दारापुढं नुसता गोल गोल फिरत राहिला. दार उघडायचं बटण त्याला दाबताच येईना. सार्थक गेममध्ये त्याच्या आधीच मेला होता, म्हणून त्याला पडद्यावर बद्रीनाथचाच खेळ दिसत होता. त्यानं ते सगळं रेकॉर्ड केलं, वर स्वतःचा आवाज टाकला : "बघा मंडळी, ह्यो आमचा दरवाजा बहाद्दर. याच्यापरीस शेतातलं बुजगावणं बरं, निदान पाखरं तरी भेतेत त्याला." शेवटी पोट धरून हसला आणि व्हिडिओ टाकून दिला.

तोवर सार्थकचे व्हिडिओ दोन-तीनशे लोक बघायचे. हा व्हिडिओ मात्र आठवड्यात ऐंशी हजार जणांनी पाहिला. बद्रीनाथचं गेममधलं नाव त्यात स्पष्ट दिसत होतं. सार्थकला ते माहीत होतं. पण बद्रीनाथ नेहमीसारखा खेळायला येत राहिला, आणि सार्थकनं विषय मनातून काढून टाकला.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तो शहरात आला. पैठण गेटच्या बाजारात नवे हेडफोन घेतले, मग टीव्ही सेंटर भागात गावाकडचा दोस्त सत्यम राहायचा त्याच्या खोलीवर बॅग टाकली. संध्याकाळी दोघं गेमिंग पार्लरला गेले. मोठा पडदा, हातात रिमोट, दोन तास कसे गेले कळलं नाही. मधेच बद्रीनाथचा फोन आला. सार्थक शहरात आहे म्हटल्यावर तो हट्टालाच पेटला. "उद्या जेवायला घरीच यायचं. पडेगाव तुझ्या रस्त्यावरच हाये, तिथूनच कन्नडची गाडी पकड."

सत्यमनं ऐकलं आणि त्याचे डोळेच चमकले. "जाय की बे. अन् शूट कर. दरवाजा बहाद्दरच्या घरी! दोन लाख व्ह्यूज कुठंच गेले नाय."

सार्थकला ती कल्पना आवडली.

रविवारी अकराला तो पडेगावला उतरला. विचारत विचारत गल्लीत शिरला, दाराजवळ आल्यावर मोबाइल छातीपाशी धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. दार उघडलं. चाळिशीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला माणूस हसत पुढं आला आणि त्यानं हात पुढं केला.

उजवा हात. त्याला अंगठा होता आणि करंगळी होती. मधली तीन बोटं नव्हती.

सार्थकनं मोबाइल खाली केला. बटण त्याला सापडेना. रेकॉर्डिंग बंद करायला त्याला दोनदा दाबावं लागलं. मग त्यानं तो हात हातात घेतला, पण किती जोरात धरावा ते त्याला कळलं नाही.

"ये ये, आत ये. आवाजावरून मला वाटलं होतं धिप्पाड असशील," बद्रीनाथ म्हणाला.

बायको दीपमाला आतून पाणी घेऊन आली. नववीतली मुलगी सायली कोपऱ्यात वही घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, सार्थकच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं आणि पुन्हा वहीत घातली.

बोटांचं बद्रीनाथनंच सांगितलं, कुणी विचारायच्या आत. कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करताना दीड वर्षापूर्वी हात सापडला. आता तिथंच गेटवर बसतो. "दवाखान्यातल्या मॅडम म्हणल्या, राहिलेली बोटं चालती ठेवा, नायतर आखडतील. मला तो रबरी चेंडू दाबायचा लई कंटाळा. मग ह्या पोरीनं गेम टाकून दिला. म्हणली, पप्पा, याच्यात बोटं चालतील अन् तुमी रडणार बी नाय." तो हसला. "सुरुवातीला तर बंदूकच उचलता येईना. तुम्ही लोकांनी सांभाळून घेतलं म्हणून टिकलो. दुसरी टीम असती तर हाकलून दिलं असतं."

सार्थकच्या तोंडून कसंबसं "नाय, तसं काय नाय," एवढंच निघालं.

दीपमालानं ताटं मांडली. भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, बाजरीची भाकर, तळलेल्या कुरडया. पाहुण्याच्या ताटात तुपाची वाटी वेगळी. दही राहिलं म्हणून बद्रीनाथ "तू कर सुरू," म्हणत चप्पल घालून दुकानात गेला, दीपमाला भाकरी थापायला आत गेली, आणि सायली उठून सार्थकच्या समोर येऊन बसली.

"दादा, तो व्हिडिओ तुमचा हाये ना?"

सार्थकनं घास परत ताटात ठेवला.

"माझ्या वर्गातल्या पोरांनी दाखवला," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांना ठाऊक नाय ते माझे पप्पा हायेत. मी बी हसले. लई हसले. मग नाव दिसलं. अन् तुमचा आवाज तर मी रोज ऐकते पप्पांच्या शेजारी बसून."

"सायली, मला खरंच माहीत नव्हतं, की..."

"हाताचं माहीत नव्हतं. पण मंद हायेत हे तर माहीत होतं ना."

सार्थकनं मोबाइल काढला आणि तिच्यासमोरच व्हिडिओ उडवला. आजचं रेकॉर्डिंगही उडवलं.

"दुसऱ्यांनी बी टाकलाय तो," सायली म्हणाली. "पप्पांना नका सांगू मी पाह्यला म्हणून. मी हसले म्हणून तर अजिबात नका सांगू."

बाहेर चप्पल वाजली. ती उठून पुन्हा वहीपाशी गेली. बद्रीनाथनं दह्याची पिशवी अंगठ्याला अडकवून आणली होती. "अरे, तू काहीच खाल्लं नाय," म्हणत त्यानं स्वतः आमटी वाढली. सार्थक खाली मान घालून जेवला. प्रत्येक घासागणिक त्याला आपलंच हसणं ऐकू येत होतं, पोट धरून हसलेलं. दीपमाला आग्रह करत होती आणि तिला नको म्हणायचीही त्याला लाज वाटत होती.

जेवण झाल्यावर बद्रीनाथ त्याला स्टॉपपर्यंत सोडायला निघाला. रस्त्यात तो पुढच्या रविवारी कोणत्या नकाशावर खेळायचं ते बोलत होता. स्टॉपवर दोघंच होते. गाडी यायला वेळ होता. न सांगताही भागलं असतं, हे सार्थकला कळत होतं. मुलगी बोलणार नव्हती. पण तसाच गाडीत बसलो तर आयुष्यभर त्या ताटावरून उठता येणार नाही, असं त्याला वाटलं.

"बद्रीभाऊ, मी तुमचा एक व्हिडिओ टाकला होता," तो म्हणाला. मग थांबला नाही. दाराचं सांगितलं, बुजगावण्याचं सांगितलं, आज कशासाठी आलो होतो तेही सांगितलं.

बद्रीनाथनं उजवा हात हळूच पँटच्या खिशात घातला. सकाळपासून पहिल्यांदा.

"किती जणांनी पाह्यला?"

"ऐंशी हजार."

"कंपनीतल्यांनी बी पाह्यला असंल मग." तो रस्त्याकडं बघत होता. "सायलीनं पाह्यला का?"

सार्थकनं त्याच्याकडं पाहिलं. "नाय," तो म्हणाला.

"बरं." बद्रीनाथनं श्वास सोडला. "तिला कळू देऊ नको."

सार्थकला वाटत होतं, यानं शिव्या द्याव्यात, एक कानाखाली मारावी. बद्रीनाथनं तसलं काही केलं नाही. लांबून गाडी दिसल्यावर "ही कन्नडचीच," एवढं म्हणाला, आणि गाडी थांबायच्या आतच घराकडं वळला.

त्या रात्रीपासून बद्रीनाथ गेममध्ये दिसला नाही. सार्थकनं तो व्हिडिओ जिथं जिथं फिरत होता तिथं शोधून लोकांना लिहायला सुरुवात केली. ज्याची थट्टा केली त्याच्या हाताला तीन बोटं नाहीत, हे मात्र त्यानं कुणालाही लिहिलं नाही. फक्त लिहिलं, चूक माझी आहे, कृपया काढा. चौदा जणांनी काढला. काहींनी उत्तरच दिलं नाही. एकानं उलट सार्थकचाच व्हिडिओ बनवला, "रडका बहाद्दर" म्हणून, आणि कॉलेजात महिनाभर पोरं त्याला त्याच नावानं हाक मारत होती. सत्यम म्हणाला, तू बी दे त्याला उत्तर. सार्थकनं दिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं धीर करून फोन लावला. दीपमालानं उचलला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "ते ड्युटीवर गेलेत, फोन घरीच राहिला. पुन्हा कधी येताय? त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवला नाय." सार्थक "येतो, वहिनी," म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, प्रॅक्टिकल चालू असताना, बद्रीनाथचा मेसेज आला. "सायली सांगत होती, बऱ्याच ठिकाणचा व्हिडिओ निघाला."

म्हणजे बापलेक एकमेकांशी बोलले होते. म्हणजे सार्थक स्टॉपवर खोटं बोलला, हेही बद्रीनाथला कळलं होतं. सार्थकनं लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं : "तुमच्याशी खोटं बोललो, भाऊ. तिनं सांगू नका म्हटलं होतं."

उत्तर यायला संध्याकाळ झाली.

"तिचं ऐकलंस, ते एक बरं केलंस," बद्रीनाथनं लिहिलं होतं. खाली आणखी काही येईल म्हणून सार्थक वाट बघत राहिला, पण पुढं काही आलं नाही.