नळीतला बिबट्या

आमचा आदेश चाकणच्या कंपनीत सुपरवायझर होता. अंगात निळा शर्ट, गळ्यात फोटोवालं कार्ड, बसायला फिरती खुर्ची. न्यायला-आणायला कंपनीची बस थेट फाट्यावर. अशा सुखातल्या माणसाला एक दिवस वाटलं, की आपण बंदुका दुरुस्त कराव्यात. कुणाला आमदार व्हावंसं वाटतं, कुणाला संन्यास घ्यावासा वाटतो, तसं ह्याला हे वाटलं.

"आई, मी नोकरी सोडली," चहा पिता पिता म्हणाला.

"हाकलला का?"

"न्हाई गं. मला हातानं काम करायचंय."

"मग खुर्चीवर बसून काय पायानं करत व्हतास?"

पुण्यातल्या कुठल्याशा म्हाताऱ्या कारागिराकडं जाऊन शिकला. शनिवारी घरी यायचा तो नखात काळं ग्रीस घेऊन. सून अक्षदा माहेरी सांगायची, "हे मेकॅनिकल लाइनला आहेत." तिचा भाऊ नारायणगावला टोमॅटोचा व्यापारी. तो एकदा दिवाळीला आमच्याच ताटावर बसून म्हणाला, "दाजी, राव, क्रेट भाड्यानं द्यायचा धंदा करा. बंदुका कोण आणणारंय तुमच्याकडं? बिबटे येणार का घेऊन?" मी त्याला दुसरी पोळी वाढली नाही. पण मनात म्हटलं, बोलतोय ते खरंच.

मग परवान्याची भानगड. चौकशीला पोलीस दारात आले, तेव्हा गावाला वाटलं पोरानं काहीतरी दिवे लावले. सगळी भाऊबंदकी त्या आठवड्यात आमच्याशी लई गोड वागली. परवाना मिळाला तसे सगळे पुन्हा पहिल्यासारखे झाले.

रस्त्याकडच्या खोलीत त्यानं दुकान मांडलं. जाड दार, जाळीची खिडकी, भिंतीत लोखंडी कपाट. भिंतीला पकडी, कानशी, ब्रश असे टांगले, की तालुक्याच्या दवाखान्यात एवढी हत्यारं नसतील. फक्त पेशंट नव्हता.

येणार कुठून? आमच्या महाळुंगे पडवळात काय किंवा पलीकडं जुन्नराकडं काय, जुन्या घराण्यांत परवान्याची बंदूक आहे. पण ती उडवायला नाही, टांगायला. निवडणूक लागली की भिंतीवरून ठाण्यात, निकाल लागला की ठाण्यातून भिंतीवर, एवढाच तिचा प्रवास. बिबट्या तर आता सरकारचा जावई. तो उसात राहणार, आमची कुत्री खाणार, आणि आपण फटाका वाजवून हात जोडणार.

मात्र खंडेनवमीला बंदुकीचा थाट बघावा. भैरवनाथाच्या देवळापुढं घोंगड्या अंथरायच्या, त्यावर नांगराचा फाळ, कोयते, ट्रॅक्टरचे पाने आणि सगळ्यात वर बंदुका. हळद, कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी. आमच्याकडं भक्ती हातची राखून करत नाहीत. नळीचं तोंड दिसलं की त्यात कुंकवाची चिमूट टाकायची, वरून तेल सोडायचं.

आणि त्यात पहिला मान आमच्या बंदुकीचा. का, तर माझ्या सासऱ्यांनी, सोपानरावांनी, एका काडतुसात नरभक्षक बिबट्या मारला होता. तेव्हापासून लग्नात पहिली सुपारी आमच्या घरी, जत्रेत पहिला नारळ आमचा, आणि तंटा मिटवायला शब्द आमचा. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बापानं जमीन नंतर विचारली, आधी बंदूक बघितली. सासऱ्यांमागं परवाना मालकांच्या नावावर आला, मालकांमागं आदेशच्या. पण त्या बिबट्यानंतर ती कुणी उघडली नाही. गंजून बसलीय, सासरे म्हणायचे, आणि तेच बरंय, तिचं काम झालंय. आदेशनं दुकान मांडल्यावर एकदा विचारलं, "आई, घरची बंदूक एकदा बघू का खोलून?" मी सांगितलं, "देवाच्या मूर्तीला पाना लावतोस का? मग तिलाबी लावायचा न्हाई." तो पाना घेऊन परत दुकानात गेला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आले कुशाबाभावजी. आमच्या वाड्यापलीकडचे, द्राक्षबागवाले. मानात आमच्यानंतर त्यांचा नंबर, आणि हे त्यांना रात्रंदिवस खुपतं. नवमीच्या आधी आले आणि म्हणाले, "आदेश, पॉलिश मार रं बाबा. आरशागत चमकली पायजे."

आदेशनं पॉलिश मारायच्या आधी बंदूक उघडली. नळीतून काय काय निघालं! कुंकवाची वडी, तांदूळ, आणि मधोमध गांधीलमाशीनं मातीचं घर बांधलेलं, पक्कं. त्यानं ते सगळं कागदावर मांडून भावजींना दाखवलं.

"काका, ही अशीच उडवली असती, तर नळी फुटून तुमचंच तोंड गेलं असतं."

भावजींचं तोंड तसंही गेलंच. "मी तुला चमकवायला दिली व्हती. पोट फाडायला न्हाई."

बंदूक उचलून निघून गेले. आणि गावभर सांगितलं, की साळुबाईचं पोरगं चांगल्या बंदुका बिघडवतंय, हळद-कुंकवाला घाण म्हणतंय. ज्या एकदोघांनी येतो म्हटलं होतं, तेही यायचे थांबले. अक्षदा एका संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "कंपनीत परत घेतील का हो?" तो नुसता रिकाम्या टेबलावरून फडकं फिरवत राहिला. मी दारातून बघितलं. पोरगं माझंच होतं. मी त्याला वाटेल ते बोलेन, पण कुशाबानं त्याचं दुकान बसवावं हे मला सोसणारं नव्हतं.

नवमी आली. देवळापुढं घोंगड्या पडल्या, आमची बंदूक सगळ्यात वर. पुजाऱ्यानं ताम्हण उचललं, तेवढ्यात भावजी पुढं झाले.

"थांबा. एक इचारतो. हे पोरगं गावाच्या बंदुकांत माती शोधतंय. सोताच्या घरची मानाची बंदूक कधी खोलून बघितली का ह्यानं?"

सगळे आदेशकडं बघायला लागले. आदेश माझ्याकडं बघायला लागला.

"न्हाई खोलली," तो म्हणाला.

"का रं? मानाच्या बंदुकीत गांधीलमाशा जात न्हाईत व्हय?"

लोक हसले. आमच्या दारात जेवून गेलेले लोक. माझ्या मस्तकात गेलं. आमची बंदूक म्हणजे काय कुशाबाची आहे, भुंगे पाळायला?

"आदेश," मी म्हटलं, "पाना आण. खोल इथंच. बघू द्या सगळ्यांना, बिबट्या मारलेली नळी कशी असती ती."

"आई, घरी बघू."

"इथंच!"

त्यानं दुकानातून पेटी आणली. माणसं लांब केली, बंदुकीचं तोंड देवळामागच्या बांधाकडं वळवलं. सांध्यात तेल सोडलं, रबरी हातोडीनं हळूहळू ठोकलं. पुजाऱ्याच्या ताम्हणातला कापूर जळून गेला तरी हा ठोकतोय. शेवटी करकर झाली आणि बंदूक मधून वाकली.

आदेश आत बघत राहिला. मग चेहरा असा झाला, की मला वाटलं साप बघितला.

"सगळे अजून मागं सरा," म्हणाला. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "आई, घरी जाऊन सांगतो."

आता गावासमोर कानात बोलणं म्हणजे कबुलीच की. "मोठ्यानं सांग. आपल्याला लपवायचं काय?"

त्यानं फडक्यानं हात पुसले. भावजी म्हणाले, "बोल की. माती हाय का न्हाई?"

"माती न्हाई," आदेश म्हणाला. "काडतूस हाय."

"कसलं काडतूस?"

"जुनं, कागदी. फुगून आतच बसलंय. पिनीचा ठोका टोपीवर पडलेला दिसतोय, पण बार उडालेला न्हाई." मग म्हणाला, "आज्यानं चाप ओढला व्हता. पण ही बंदूक त्या दिवशी उडालीच न्हाई."

पुजाऱ्यानं ताम्हण हळूच खाली ठेवलं.

माझ्या डोक्यात एकदम दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे भरलेल्या बंदुकीला आम्ही वर्षानुवर्षं ओवाळत होतो, तिच्या तोंडासमोर वाकून नमस्कार करत होतो. लेकरं-बाळं, नव्या नवऱ्या, सगळी तिच्या नेमासमोर. आणि दुसरी म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे बिबट्याची गोष्ट सांगायला बसले, की त्या पदर तोंडाला लावून चुलीकडं निघून जायच्या. मला वाटायचं, गहिवर येतो.

"मग बिबट्या मेला कशानं?" मागनं कुणीतरी विचारलं.

"हिरीत पडला आसंल!"

"आवाजानं मेला!"

"आवाज कुठं झाला? सोपानरावांना बघूनच मेला!"

हसण्याचा एकच भडका उडाला. कुशाबाभावजी तर पोट धरून खाली बसले. माझी लग्नातली सुपारी, जत्रेतला नारळ, सगळं त्या घोंगडीवर उघडं पडलं होतं. आदेशची मान खाली. पुटपुटला, "आई, खोटं कसं सांगू?"

त्याच्या त्या वाक्यानं मला वाट दिसली. मी पदर खोचला आणि घोंगडीपुढं जाऊन उभी राहिले.

"हसून झालं? आता ऐका. ह्या पोरानं सोताच्या आज्याची अब्रू राखली न्हाई. आईची राखली न्हाई. गावचा पहिला मान हातात व्हता, एक शब्द खोटा बोलला असता तरी राहिला असता, तो त्यानं मातीत घातला. मग तुमच्या बंदुकीबद्दल हा खोटं बोलंल व्हय? भावजी, तुमच्या नळीत गांधीलमाशी व्हती का न्हाई, आता सांगा सगळ्यांना."

भावजींचं हसणं थांबलं. उठून ते अंगावरची धूळ झटकायला लागले.

"आणि बाकीच्यांनी," मी म्हटलं, "आपापल्या बंदुकीचं तोंड आज कुणाच्या लेकराकडं हाय, तेवढं बघून घ्या."

त्यावर घोंगडीजवळ बसलेल्या बायांनी पोरं अशी ओढली, की दोन ताम्हणं उलटी झाली.

पहिला मान त्या वर्षी ट्रॅक्टरच्या पान्याला मिळाला. लोक अजून मला विचारतात, "साळुबाई, बिबट्या कसा हाय?" मी सांगते, "बरा हाय, तुमच्याकडंच यायला निघालाय." झोंबतं, नाही कशाला म्हणू. मालक असते तर त्यांनी मला त्या दिवशी माहेरी धाडलं असतं.

पण त्या आठवड्यापासून बंदुका यायला लागल्या. कशा, तर चोरासारख्या. कुणी गोधडीत गुंडाळून, कुणी कडब्याच्या पेंढीत, एकानं तर लेकीच्या रुखवताच्या खोक्यात घातली होती. सगळे गोठ्याच्या बाजूनं. सगळ्या घराण्यांना एकदमच शंका आली होती, की आपल्याही आज्यानं नक्की काय मारलं. मी गोठ्याच्या वाटेला काट्या लावून टाकल्या.

"तिकडनं म्हशी येत्यात," मी म्हणायचे. "माणसांनी पुढनं यायचं."

कुशाबाभावजी सगळ्यात शेवटी आले. जीप लांब उभी केली, काट्या बघितल्या, आणि मुकाट्यानं रस्त्यावरून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, गोधडी खांद्यावर टाकून आले. मी त्यांना साखर जास्त घालून चहा दिला.

"आदेश," आत गेल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला, "ती मागली माती तू काढलीस. पण वडलांच्या येळचं आणखी काय निघालं, तर मला एकट्यालाच सांग बरं का."

"तुमालाच सांगणार, काका. दुसऱ्या कुणाला न्हाई."

आता कपाट भरलेलं असतं आणि अक्षदा माहेरी नवऱ्याचं काम नाव घेऊन सांगते. आदेश म्हणतो, हा धंदा डॉक्टरसारखा तोंड मिटून करायचा असतो, कुणाच्या घराण्याच्या नळीत काय निघालं ते ह्या खोलीबाहेर जाता कामा नये. करो बापडा. परवाना त्यानं घेतलाय. मी काही घेतलेला नाही.