ओ येईपर्यंत थांबणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. वय म्हणाल तर उणीपुरी तीन वर्षं, पण आम्हा यंत्रांत तीन वर्षांचा म्हणजे म्हाताराच. गडचिरोलीकडच्या धानोऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की एक लहान गाव लागतं. तिथल्या समाजमंदिराच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. माझ्यातून निघणारी वायर छपरावरच्या भोंग्याला जात असे. आता ती गुंडाळून माझ्याच डोक्यावर ठेवली आहे.

मी जेवणाच्या डब्याएवढा आहे. पोटात एक सिमकार्ड आणि एक बारीक माइक. मला बोलका म्हणतात, पण आवाज माझा नाही. कुणीतरी फोनवर मजकूर लिहितं. तो आधी खूप दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे जातो. तिथे त्या अक्षरांचा आवाज तयार होतो आणि एका बाईच्या स्वच्छ सुरातलं वाक्य माझ्याकडे परत येतं. मी ते भोंग्याला देतो. शब्द दुसऱ्याचे, आवाज तिसऱ्याचा. साऱ्या गावाला ऐकू जाईल असं बोलूनही, आपण कुणाशी बोललो असं मला कधी वाटलं नाही.

माझ्या आधी त्या भोंग्यातून रुखमाबाई बोलत. चैत्रात मोहाची फुलं गळायला लागली की इथल्या बाया उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन जंगलात जातात. वनरक्षक विनोद आदल्या दिवशी फिरून पावलांचे ठसे बघून येई आणि वाघ कुठल्या अंगाला आहे ते रुखमाबाईंना सांगे. पहाटे त्या माइक हातात घेऊन गावाला सांगत. बारा वर्षं त्यांनी हे काम केलं आणि त्या बारा वर्षांत कुणाला ओरखडाही आला नाही. पौषात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या.

त्यांची मुलगी दिव्या नागपूरला संगणकाचं काम करते. तिनेच मला बनवलं. माझं झाकण तिने चार वेळा बसवलं आणि चार वेळा काढलं. त्या दिवसांत ती कुणाशी फारसं बोलत नसे. आईचं काम थांबू नये, एवढं एकच तिच्या मनात होतं. मोह गळायच्या आधी तिने मला इथे आणून टांगलं, विनोदला फोनवर मजकूर कसा लिहायचा ते शिकवलं आणि ती परत गेली.

पहिल्या पहाटे मी मोठ्या उत्साहाने बोललो, ‘सूचना. नाल्याच्या पूर्वेकडील भागात वाघाचा वावर आढळून आला आहे. नागरिकांनी तिकडे जाणे टाळावे.’

रस्त्याने निघालेल्या बाया जागच्या जागी थांबल्या.

“कोन बोलून राह्यली हे?” म्हाताऱ्या आशाबाईंनी विचारलं.

“दिव्यानं मशीन लावली ना,” शेजारची चंचल म्हणाली. “रेडिओवरची बाई दिसते.”

“जंगलात जाच्या टायमाले त्याचं नाव घेते. तिले कोनी शिकवलं नाई का?”

मित्रांनो, इथे मोहाला निघताना त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं म्हणजे त्याला बोलावल्यासारखं होतं. ‘जनावर’ म्हणायचं, नाहीतर नुसतं ‘तो’. मला हे कुणी लिहून दिलं नव्हतं. दुसऱ्या पहाटेही मी तेच नाव घेतलं, तेव्हा आशाबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी माझी वायर उपटली.

तिसऱ्या दिवशी मी मुका होतो. बाया नाल्याच्या पूर्वेला गेल्या, ओल्या रेतीत ताजे ठसे दिसले आणि रिकाम्या टोपल्यांनिशी पळत परत आल्या.

“वायर कोनी काढली?” विनोद संतापला होता.

“मीनं काढली,” आशाबाई म्हणाल्या. “ती बाई रोज त्याले हाका मारून राह्यली, ते चालते तुले?”

विनोदने फोन केला. दुसऱ्या दिवशीच्या एसटीने दिव्या आली आणि समाजमंदिराच्या पायरीवर बायांच्या मधे बसली.

“आशाबाई, माय काय म्हणत होती मग?”

“तुले माहीत नाई?”

दिव्या पाचवीपासून गडचिरोलीच्या वसतिगृहात राहिलेली. सुट्टीत घरी आली तरी उन्हं वर येईपर्यंत झोपायची. आईचा तो पहाटेचा आवाज तिच्या झोपेतून निघून जायचा.

“नाई,” ती म्हणाली.

मग बाया सांगू लागल्या.

“आधी एकेकीचं नाव घे. आशा व, पुनम व. आम्ही घरातून ओ देत होतो. ओ नाई आली त ती पुढं जात नव्हती.”

“सगळ्यायची ओ आली का मंग सांगे, तो कुठी आहे थे.”

“अन् मधातच माह्या सुनेचा खोकला विचारे. भोंग्यात! पार पलीकडच्या टोल्यातल्या घरायले माहीत पडे.”

“चंचलले त तीन हाका लागे. चौथीले तिचा नवरा ओ देत होता.”

चंचलसकट सगळ्या हसल्या. दिव्याही किंचित हसली. हसू थांबल्यावर चंचलने हळूच विचारलं, “रुखमाबाईसारखाच आवाज नाई का निंगत यातून?”

“निंगते. फोनात तिचं बोलनं आहे थोडंसं,” दिव्या म्हणाली. “पर मले नाई करायचं.”

पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

दोन दिवस बसून दिव्याने माझा मजकूर नव्याने लिहिला. कुठे दम घ्यायचा, कुठे आवाज खाली आणायचा, हेसुद्धा त्या दूरच्या संगणकाला लिहून कळवता येतं. ‘अगं’सारखं ते ‘व’ म्हणताना तो आवाज उगाच अदबीने बोले, म्हणून तिने ते वीस वेळा बदललं. माझा माइकही तिने जागा केला. एक नाव घ्यायचं, ओ ऐकू येईपर्यंत थांबायचं, मगच पुढचं नाव घ्यायचं. चंचलला तेवढ्या तीन हाका मारायच्या.

ते माझे चांगले दिवस होते. ‘आशा व,’ मी म्हणे आणि अंधारातून ओ येई. लोक माझं कौतुक करत. पण मित्रांनो, ती ओ माझ्यासाठी नव्हती. बाया जिला ओ देत होत्या, ती इथे नव्हती. तिच्या जागेवर मी फक्त टांगलेला होतो.

चैत्र संपता संपता एका पहाटे विनोदने लिहिलं, जनावर तलावाच्या वाटेला आहे. मी नावं घेऊ लागलो. चंचलपाशी आलो. एक हाक, दुसरी, तिसरी. ओ आली नाही. मी थांबलो. तेवढ्यात मोबाइलचा टॉवर गेला आणि माझा आवाज बंद पडला. तलावाचं नाव सांगायचं राहूनच गेलं होतं.

अंगणाअंगणांत उभ्या असलेल्या बाया वाट बघत राहिल्या. मग आशाबाई रस्त्यावर आल्या आणि त्यांनी आपल्याच तोंडाने चौथी हाक मारली.

ओ चंचलच्या नवऱ्याने दिली. “घरी नाई व. डुकरं मोह खाऊन जाते म्हनून लवकर गेली. तलावाकडं.”

भोंगा मधेच बंद पडलेला ऐकून विनोद धावतच आला होता. “जनावर तिथीच आहे,” तो म्हणाला.

वीसेक बाया थाळ्या आणि डबे बडवत तलावाच्या वाटेने निघाल्या. पुढचं मी नंतर चंचलच्या तोंडून ऐकलं. ती मोहाच्या झाडाला पाठ लावून उभी होती. समोरच्या झुडपामागे वाळका पाला वाजत होता. थाळ्यांचा आवाज जवळ आला, तसा पाला दूर दूर वाजत गेला आणि मग वाजेनासा झाला.

“सांगून जाले तोंड नाई का तुले?” आशाबाई तिला परत आणताना वाटभर बोलत होत्या. त्यांनी तिचं मनगट मात्र घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाया एकमेकींना स्वतःच हाका मारू लागल्या. एकीची ओ आली की ती पुढच्या घराला हाक देई, आणि शेवटी विनोदचा निरोप घरोघर फिरे. दुपारी टॉवर परत आला होता. पण मला कुणी सुरू केलं नाही. मला राग आला नाही. ऐन वेळी मुकं होणारं यंत्र कितीही शहाणं असलं तरी त्याच्या भरवशावर कुणी जंगलात कसं जाणार?

ज्येष्ठात दिव्या आली. दुपारची वेळ होती, समाजमंदिरात कुणी नव्हतं. तिने मला सुरू केलं आणि फोनवर एकच नाव लिहिलं.

‘रुखमा व,’ मी म्हणालो आणि थांबलो.

समोरच्या अंगणात आशाबाईंचा खराटा थांबला. पण ओ दिली नाही त्यांनी, आणि दिव्यानेही. मला थांबायचं शिकवलं होतं, कधीपर्यंत ते शिकवलं नव्हतं. मी तसाच थांबून राहिलो. शेवटी दिव्या उठली, वायर काढून तिने नीट गुंडाळली आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

मित्रांनो, तुमच्या घरातही रोज पहाटे कुणीतरी हाका मारत असेल. एक दिवस लवकर उठा आणि ते माणूस काय म्हणतं, कसं म्हणतं, ते नीट ऐकून ठेवा. लिहून दिलेलं काहीही मी बोलेन. पण जे कुणी ऐकूनच ठेवलं नाही, ते मला कोण लिहून देणार?