स्वार एक, वापरलेला

सोमवारी नाक्यावरच्या शिपायानं सायकलला वाट करून दिली, नलू वेळेवर शाळेत पोहोचली, आणि तिच्या कॅरिअरवरून कोणीतरी उतरून फाटक लावून घेतलं. असं काही झालेलं नाही. हेडमास्तरांच्या रजिस्टरात नोंद नाही, म्हणजे झालेलं नाही.

झालं ते एवढंच. नलू वस्तीतली पहिलीच मास्तरीण. शाळा दिग्रसपासून सात मैल. तीन लेटमार्क पडले की नोकरी खलास. जूनपासून पायी जाता-जाता दोन पडून चुकले होते. तिचा भाऊ भीमराज याच्या सायकलच्या दुकानात एक जुनी विलायती सायकल होती. पण मागच्या चाकाचा हब फुटका, आणि देशी हब तिला बसेना. म्हणून नलूनं विलायतेतल्या एका दुकानाला पत्र लिहिलं. शेवटची ओळ भीमराजची : ‘हबासोबत जे काही असेल ते सगळं पाठवावं.’ कारण दिग्रसचे दुकानदार मागितल्याशिवाय वायसर देत नाहीत.

चार महिन्यांनी पार्सल आलं, बुटांच्या खोक्याएवढं. पोस्टमास्तर नीळकंठरावांनी जकातीचा कागद वाचला : हब एक, नट दोन, वायसर तीन, स्वार एक, वापरलेला.

“स्वार आम्ही मांगतला नाही, साहेब,” भीमराज म्हणाला.

“जकात पूर्ण भरा, नाहीतर पार्सल परत. अर्धं सोडवता येत नाही.”

भरली. खोक्यात हब, नट आणि वायसर निघाले.

“स्वाराचे पैसे फुकट गेले,” भीमराज म्हणाला.

हब बसवून शनिवारी सायकल काढली, आणि पहिल्याच चढावर नलूला कळलं, फुकट गेले नव्हते. ऑक्टोबरच्या उन्हात मानेवर गार श्वास, ओल्या लोकरीचा वास. वळून पाहिलं तर कॅरिअर रिकामं. टायर मात्र दबलेलं. कुत्री भुंकली नाहीत, बाजूला होऊन बसली. रस्त्यावरच्या तिच्या सावलीला दोन डोकी होती.

नाक्यावर धनसिंग शिपायानं हात आडवा केला. “मास्तरीणबाई, डबलसीट मना हाय. मागच्याले उतरवा.”

“मागं कोनी नाही, धनसिंगभाऊ.”

धनसिंगनं कॅरिअरकडे हात नेला आणि पटकन मागं घेतला. मग वही काढून कॅरिअरलाच विचारलं, “नाव काय?”

तो बराच वेळ लिहीत राहिला.

“काय लिवून राह्यले?”

“तो सांगून राह्यला ते. लय लंबं नाव हाय.” पान उलटून धनसिंग म्हणाला, “सोमवारी बी हा दिसला, त सायकल जप्त करीन.”

सायकल गेली की तिसरा लेटमार्क. रविवारी दुपारी नलूनं धनसिंगच्या वहीतून नाव उतरवून आणलं आणि मुंबईच्या जकात अधिकाऱ्यांना अर्ज लिहिला :

‘सदर स्वार आम्ही वापरला नसून आला त्याच स्थितीत आहे. तरी तो परत नेण्यात यावा. ते शक्य नसल्यास, निदान चढावर व पोलीस नाक्यावर त्याने खाली उतरून पायी चालावे, असा लेखी हुकूम त्याच्या पूर्ण नावाने, तीन प्रतींत, देण्यात यावा, ही नम्र विनंती.’