सूर्याच्या माथी

हुडकेश्वरच्या आमच्या गच्चीवर यांची एरियल अजून तशीच आहे. हे गेले, आणि हॅम रेडिओचं लायसन यांच्याच नावावर होतं. मला फक्त सेट लावता येतो. बिनालायसनचं बोलायचं नाही, हा यांचा नियम. तो मेला नियम मात्र घरातच राहिला.

नोकरीपायी गुवाहाटीला गेलेले आमच्याकडचे बाबनराव रोज सकाळी यांच्याशी रेडिओवर बोलत. दोघांनी फोन नंबर कधी घेतलाच नाही. "फोनवर तं कोनीही बोलते," हे म्हणत.

तेरवीला यांच्या रेडिओ क्लबवाले म्हणाले, "काकू, सूर्यावर वादळं उठून राहिले. सध्या रेडिओवर लांबचं काही ऐकू येनार नाही." मला बरंच वाटलं. बाबनरावांना सांगणं टळलं.

आज चहा ठेवून सवयीनं सेट लावला, तर बाबनराव शेजारच्या खोलीत बसल्यासारखे स्पष्ट.

"रुपराव, आयकू येऊन राहिलं का गा?"

मी माईक हातात घेतला. बोलायचं बटन दाबलं नाही. चहा उतू गेला, तरी उठले नाही.

"हा सूर्य काही तुहा आवाज येऊ देत नाही," ते वैतागले. "उद्या पाहू."

मी सेट बंद केला. मग म्हटलं, "हो."